लाखोळीचा मामला

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तहसिलीत सातपुड्याचे जे फाटे उतरले आहेत, त्यांपैकी एका टेकडीवर आंबागडचा किल्ला उभा आहे. देवगडच्या बख्तबुलंद राजाच्या अमदानीत राजाखान पठाणाने तो सन १७०० च्या सुमारास बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली गेला आणि त्यांनी त्याचा उपयोग बंदिखाना म्हणून केला. किल्ल्याच्या आतील विहिरीचे साचलेले, विषारी पाणी कैद्यांना सक्तीने पाजीत आणि त्यानेच त्यांचा अंत होई, अशी आख्यायिका इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरात नमूद आहे. आख्यायिकेला दस्तऐवजाचे मोल देता येत नाही. तथापि ज्याला दुसरे पाणीच नाही त्याच्यापुढे विषाचे पाणी ठेवणाऱ्याचा अपराध कोणता, आणि ते पाणी तपासणाऱ्या पंडिताचे कर्तव्य कोणते, हा जो प्रश्न तिच्या पोटात आहे, तो त्या टेकडीच्या पायथ्याशी पसरलेल्या धानाच्या बांध्यांत गेली शेदीडशे वर्षे निराळ्या रूपाने उभा आहे. आणि रसायन, वैद्यक, कृषी, कायदा व नीती या पाचही शास्त्रांना त्याने आपल्या दारी आणले आहे. तो प्रश्न लाखोळीच्या दाण्याचा आहे.

लाख, लाखोरी, लाखोळी या नावांनी पूर्व विदर्भात ओळखली जाणारी आणि उत्तरेकडे खेसारी किंवा तिवडा म्हणून प्रसिद्ध असलेली ही डाळ निळसर फुलांच्या एका नाजूक वेलीला येते. धान कापणीला येण्याच्या सुमारास, बांधीतली ओल अजून जिरलेली नसताना, उभ्या पिकातच तिचे बी फेकून द्यावयाचे. पुढे नांगरणी नाही, खत नाही, पाणी देणे नाही. धान घरात आले की त्याच ओलीवर ही वेल वाढते, आणि हिवाळा सरता सरता शेंगा धरते. पाऊस अति झाला तरी ती तग धरते, मुळीच झाला नाही तरी तग धरते, आणि जाता जाता हवेतील नत्र जमिनीत स्थिर करून पुढच्या धानाची सोय लावून जाते. दाण्यात शेकडा अठ्ठावीस ते तीस इतके प्रथिन असते. कोवळ्या पाल्याची भाजी होते, डाळीचे वरण होते, पिठाचे वडे होतात, भुसा बैलांना चालतो. ज्या वर्षी इतर सारी पिके दगा देतात त्या वर्षी एकटी लाखोळीच शेतकऱ्याच्या घरी येते. आणि तिच्या इतिहासातील सारे दुःख नेमके या सद्गुणातून उद्भवले आहे.

हे दुःख कसले, ते आधी सांगितले पाहिजे. दोन-तीन महिने किंवा त्याहून अधिक काळ ज्याच्या आहारातील एक तृतीयांश वा अधिक हिस्सा लाखोळीचाच असतो, अशा माणसांपैकी काहींच्या पोटऱ्यांत एके दिवशी पेटके येऊ लागतात, पाय ताठरतात, टाच जमिनीला टेकेनाशी होते आणि चालताना गुडघे एकमेकांवर घासू लागतात. वैद्यकाने या रोगाच्या पायऱ्या काठ्यांवरून मोजल्या आहेत: प्रथम काठीवाचून चालणारा, मग एका काठीचा, मग दोन काठ्यांचा, आणि अखेरीस सरपटणारा. बुद्धी शाबूत राहते, हातांत बळ राहते, स्पर्शज्ञान राहते, आयुष्यही सहसा कमी होत नाही. केवळ पाय जातात, आणि गेलेले पाय परत येत नाहीत. तरण्याताठ्या पुरुषांना हा रोग अधिक गाठतो, म्हणजे शरीरश्रमावाचून ज्यांच्यापाशी विकण्यासारखे दुसरे काही नसते, त्यांचे नेमके तेच भांडवल तो हिरावून घेतो.

या व्याधीची ओळख प्राचीन आहे. युरोपात वुर्टेंबर्गच्या ड्यूकाने १६७१ साली या कडधान्याच्या पिठाची भाकरी करण्यास मनाई केली होती. रोगाला लॅथिरिझम हे नाव नेपल्सच्या कांतानी नामक वैद्याने १८७३ मध्ये दिले. परंतु आपल्या बाजूचे जे वर्णन कर्नल स्लीमनने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथात करून ठेवले आहे, ते मला अधिक बोलके वाटते. सागर प्रांतातील एका गावी १८२९ मध्ये गारपिटीने गहू बुडाला, १८३० मध्ये पाऊस ओढ घेऊन बसला, १८३१ मध्ये तांबेऱ्याने पीक नेले. तीन वर्षे बचावली ती एकटी तिवड्याची वेल, आणि तिच्यावरच गाव जगले. १८३३ पासून त्या गावातील तिशीच्या आतील तरुणतरुणींचे पाय कमरेपासून लुळे पडू लागले. स्लीमनने हे सर्व रयतेच्या तोंडून ऐकून लिहिले. याचा अर्थ असा की कारण काय, हे पीडितांना प्रयोगशाळांच्या पुष्कळ आधी ठाऊक होते. पुढे अलाहाबादेकडील रोग्यांचे वृत्त डॉक्टर अर्व्हिंगने दिले, आणि १८९६ ते १९०२ या दुष्काळी वर्षांत मध्यप्रांतात, म्हणजे ज्या प्रांतात त्या वेळी आपला भंडारा जिल्हा मोडत असे त्यात, पसरलेल्या या रोगाचा अहवाल मेजर बुकॅनन याने तयार केला. तो १९०४ साली नागपुरात छापला गेला.

रयतेला जे ठाऊक होते ते विद्वानांच्या गळी उतरण्यास त्यानंतरही साठ वर्षे जावी लागली. १९२५ साली अँडरसन, हॉवर्ड आणि सायमन्सन या तिघा नामांकित शास्त्रज्ञांनी असे प्रतिपादन केले की दोष लाखोळीचा नसून तिच्यात मिसळून येणाऱ्या अकटा नावाच्या तणाच्या बियांचा आहे. प्रयोग परिश्रमपूर्वक केलेले होते, नावे वजनदार होती, आणि निष्कर्ष चुकीचा होता. दुसऱ्या काहींनी जीवनसत्त्वाच्या अभावावर बोट ठेवले. अखेर १९६४ च्या सुमारास बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये राव, अडिगा आणि शर्मा यांनी, आणि त्याच वेळी स्वतंत्रपणे मूर्ती, शेषाद्री व वेंकटसुब्रमण्यन यांनी, त्या दाण्यातून एक विरळा अमिनो आम्ल वेगळे काढले. ओडॅप या संक्षिप्त नावाने ते आज ओळखले जाते. मज्जापेशींना उद्दीपित करणाऱ्या ग्लुटामेट या शरीरातील द्रव्याची ते इतकी हुबेहूब नक्कल करते की पेशी उद्दीपित होत होत अखेर नष्ट होतात. १९८६ साली स्पेन्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वानरांवरील प्रयोगांनी या द्रव्याचा हात असल्याचे पुरावे पुढे आणले. त्या सहकाऱ्यांत आपल्याकडचे डॉक्टर द्विवेदी हेही होते. आणि याच द्रव्याचा दुसरा चेहरा असा की चीनमधील सानची नावाच्या जिन्सेंगवर्गीय मुळीत ते असते आणि रक्तस्राव थांबविण्याच्या गुणासाठी तेथील वैद्यकात त्या मुळीला मान आहे.

येथवर रसायनाची कामगिरी आहे, आणि ती थोर आहे. परंतु विषद्रव्य हाती लागले म्हणजे रोगाचे कारण पूर्णपणे हाती लागले, असे मानणे मला मान्य नाही. कारणाचा दुसरा अर्धा भाग प्रयोगशाळेत नसून मजुरीच्या हिशेबात होता. द्विवेदी आणि प्रसाद यांनी रेवा जिल्ह्यात जो पाहणीवजा अभ्यास केला आणि १९६४ मध्ये प्रसिद्ध केला, त्यातून आणि त्यामागून आलेल्या चौकश्यांतून जे चित्र उभे राहिले, ते असे की सावकाराच्या कर्जाने बांधलेल्या शेतमजुरांना मजुरी रोख न मिळता धान्याच्या रूपाने मिळे, आणि ते धान्य बहुतांशी खेसारीचे असे. गहू पिकविणारा हात तोच, पण गहू बाजारात जाई आणि खेसारी त्याच्या पदरात पडे. एकाच गावात एकाच विहिरीचे पाणी पिणाऱ्या दोन घरांपैकी मालकाच्या घरी ती डाळ कधीमधी चवीपुरती शिजत असल्याने सारे धडधाकट, आणि गड्याच्या घरी तीच दोन्ही वेळा शिजत असल्याने तरणा मुलगा दोन काठ्यांवर, हा भेद ओडॅपच्या रेणुसूत्रातून कधीही समजणार नाही.

सक्तीचे हे अंग ज्याने सर्वांत स्पष्ट पाहिले, तो एक बंदिवान वैद्य होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या शरद ऋतूत, रुमानियाच्या ताब्यातील व्हापनियार्का येथील छावणीत ज्यू कैद्यांना आणून टाकले आणि जनावरांसाठी ठेवलेली हीच कडधान्ये त्यांना रोजचे अन्न म्हणून दिली. थोड्याच आठवड्यांत शेकडो कैद्यांचे पाय जाऊ लागले. त्यांच्यातीलच डॉक्टर आर्थर केस्लर यांनी रोग ओळखला, कारण सांगितले, आणि कैद्यांनी ते अन्न नाकारून उपोषण आरंभिले. तेव्हा कुठे अधिकाऱ्यांनी ते बंद केले. केस्लर वाचले, १९४७ मध्ये त्यांनी या रोगावर आपला प्रबंध प्रसिद्ध केला, आणि पुढे इस्राएलमध्ये स्थायिक झाल्यावर त्या छावणीतील सोबत्यांची प्रकृती दशकानुदशके तपासत राहिले. त्याच १९४७ साली न्यूरेंबर्ग येथे जर्मन वैद्यांच्या खटल्याचा निकाल लागून मानवी प्रयोगांसाठी संमतीचे तत्त्व लेखी नमूद झाले. ज्यांच्यावर आपण संशोधन करतो त्यांच्याशी आपले नाते संशोधन संपल्यावरही संपत नाही, हे केस्लर यांनी कोणत्याही संहितेची वाट न पाहता आचरून दाखविले. आणि या विषयावरील साऱ्या वाङ्मयात मला त्यांच्याइतका आदरणीय पुरुष दुसरा दिसत नाही.

आपल्याकडे सरकारने मार्ग धरला तो मनाईचा. १९६१ साली अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत कलम घालून खेसारीची विक्री बंद करण्याची तरतूद झाली, आणि महाराष्ट्रानेही ती अमलात आणली. हेतू शुद्ध होता, परंतु हुकूम विक्रीचा होता आणि पीक ओलीवर आपसूक येणारे होते. बांधीत लाखोळी येतच राहिली, शेतकरी ती खातच राहिला, फक्त उजळ माथ्याने विकण्याचा त्याचा हक्क गेला. पडत्या भावात ती व्यापाऱ्याकडे गेली आणि हरभऱ्याच्या बेसनात व तुरीच्या डाळीत मिसळून शहरी ग्राहकाच्या ताटात अनामिकपणे पोहोचली. ज्या भूमिहीनाला तिच्यापासून वाचवावयाचे होते, त्याला पर्यायी अन्न देण्याचे कलम त्या नियमात नव्हते. मला या मनाईतील मुख्य उणीव हीच वाटते.

या मनाईविरुद्ध नागपूरचे आहारतज्ज्ञ डॉक्टर शांतिलाल कोठारी यांनी वर्षानुवर्षे लढा दिला. लाखोळी हे गरिबाचे प्रथिन आहे, बेताने खाल्ल्यास ते अपाय करीत नाही, आणि बंदीने नुकसान झाले ते धान पिकविणाऱ्या शेतकऱ्याचेच, अशी त्यांची भूमिका होती आणि तिच्यासाठी त्यांनी उपोषणेही केली. त्यांच्या ‘अॅकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट’ या संस्थेचे नाव सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालामुळेही सर्वपरिचित आहे. आयोडीनयुक्त मिठाच्या सक्तीचा नियम त्या निकालाने रद्द ठरला. महाराष्ट्र शासनाने लाखोळीवरील बंदी २००८ मध्ये उठविली. बंदी उठल्यानंतर परिस्थिती कशी आहे, हे पाहण्यासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गोंदिया जिल्ह्यात, म्हणजे १९९९ पर्यंत भंडाऱ्याचाच भाग असलेल्या मुलखात, घरोघर पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. आहारातील लाखोळीचे प्रमाण पूर्वीच्या मानाने उतरले आहे, असे तीत दिसून आले. हा मनाईचा प्रताप नव्हे. शिधावाटपाच्या दुकानातील तांदूळ-गहू आणि रोख मजुरी यांनी हे घडविले, असे माझे मत आहे. इथिओपियातील संशोधनही याच दिशेने बोट दाखविते: १९९५ नंतरच्या दुष्काळात तेथे हा रोग उसळला, तेव्हा गेताहुन, लांबाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की ज्या घरांत या डाळीबरोबर गंधकयुक्त अमिनो आम्लांनी समृद्ध अशी तृणधान्ये मिसळून खाल्ली गेली, तेथे रोगाचा धोका कमी होता. वरणाबरोबर भात असणे, आणि तो पोटभर असणे, हे औषध आहे.

कृषिशास्त्राने आपला वाटा उचलला आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत ‘रतन’ आणि रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात ‘प्रतीक’ व ‘महातिवडा’ हे अल्पविषारी वाण सिद्ध झाले, आणि त्यांच्याच आधारे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या तज्ज्ञांनी २०१६ च्या आरंभी देशभरची बंदी उठविण्याच्या बाजूने कौल दिला. घरगुती उपायही आहे: डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिले की विषाचा बराचसा अंश निघून जातो, जरी त्यासोबत काही जीवनसत्त्वेही जातात.

परंतु या वाणांसंबंधी एक गोष्ट आंबागडच्या पायथ्याशी शेती करणाऱ्याला ज्या निःसंदिग्धपणे सांगितली गेली पाहिजे तशी सांगितली जात नाही. लाखोळीच्या फुलांवर मधमाश्या येतात आणि काही अंशी परपरागीकरण होते. त्यामुळे शेजारच्या बांधीत जुने गावठी वाण असले तर सुधारित बियाण्याची अल्पविषारिता पिढ्यांगणिक क्षीण होत जाते. शिवाय दाण्यातील ओडॅपचे प्रमाण केवळ वाणावर ठरत नाही. पाण्याचा ताण पडला की ते वाढते, जमिनीत जस्ताची कमतरता असली की वाढते, म्हणजे ज्या दुष्काळी वर्षी माणूस तिच्यावर सर्वाधिक अवलंबून असतो, त्याच वर्षी दाणा सर्वाधिक विषारी होतो. तेव्हा काही वर्षांनी बियाणे बदलण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, तुमसरच्या बाजारात आलेला माल कोणी आणि कोठे तपासावयाचा, आणि अवर्षणाच्या साली त्या तपासणीचा निकाल गावोगावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर कापणीपूर्वी कोणी लावावयाचा, याची व्यवस्था कृषी खाते, अन्न खाते आणि आरोग्य खाते यांनी एकत्र बसून, आणि ती डाळ पेरणाऱ्या व खाणाऱ्या बायाबापड्यांना त्या बैठकीत बसवून, ठरविली पाहिजे.