शितावरून भाताची परीक्षा

शितावरून भाताची परीक्षा घरोघरीं होते. आपल्या शास्त्रकारांनीं तिलाच 'स्थालीपुलाकन्याय' म्हटलें आहे. तपेल्यांतील सर्व तांदूळ एकाच आंचेवर शिजतो, म्हणून एक शीत पुरतें. परंतु जी वस्तु क्षणोक्षणीं बदलते, तिचीं शितें किती अंतरानें घ्यावीं? ह्याचें एक बोधप्रद उदाहरण आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

'पल्सर' म्हणजे स्वतःभोंवतीं फिरणारा अत्यंत घन तारा. दीपगृहाच्या झोताप्रमाणें त्याच्या रेडिओलहरी प्रत्येक फेरीस पृथ्वीवरून जातात. १९६७ सालीं केंब्रिज येथें जोसेलिन बेल ह्यांस पहिला पल्सर सांपडला. त्याची फेरी सुमारें १.३४ सेकंदांची. त्यांचें यंत्र जलद चढउतार टिपण्यासाठींच बांधलेलें होतें. दीर्घ सरासरी घेणाऱ्या यंत्रांत ते ठोके विरून गेले असते.

पुढें १९८२ सालीं अरेसिबो येथील ३०५ मीटरांच्या दुर्बिणीनें डॉन बॅकर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सेकंदास ६४२ फेऱ्या घेणारा पल्सर शोधिला. त्या मंडळींत आपल्या कुरुंदवाडास जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी होते. ते तेव्हां बर्कले येथें विद्यार्थी होते. आतां समजा, सेकंदास १०० च नोंदी घेतल्या असत्या, तर काय झालें असतें? एकेका नोंदींत सहांहून अधिक फेऱ्या कोंबल्या जाऊन ठोके सरासरींत बुडाले असते. प्रत्येक नोंद क्षणमात्राची घेतली असती, तर फसगत याहूनही मोठी : ६४२ फेऱ्यांचा तारा ४२ फेऱ्यांचा भासला असता, कारण दोन नोंदींमध्यें पुऱ्या झालेल्या सहा फेऱ्या कोणासच दिसत नाहींत. ही फसगत टाळावयाची तर नोंदी फेऱ्यांच्या दुपटीहून अधिक, म्हणजे सेकंदास १२८४ हून जास्त, हव्यात. ठोक्याचा आकार पाहावयाचा तर त्याहूनही पुष्कळ. जें नोंदलेंच नाहीं, तें मागाहून कोणत्याही गणितानें परत येत नाहीं.

मग नोंदी वाढवीतच जावें काय? तसेंही नाहीं. एका मर्यादेपलीकडे शेजारच्या दोन नोंदी एकच गोष्ट सांगूं लागतात. कागद वाढतो, ज्ञान वाढत नाहीं. आकाशांतील व यंत्रांतील गोंगाटांतून क्षीण ठोका निवडावयाचा, तर अधिक काळ ऐकत राहिलें पाहिजे. चौपट काळ ऐकलें, तर ठोका दुप्पट स्पष्ट होतो.

तात्पर्य, एकमेकांस चिकटलेलीं शंभर शितें चाचपण्यानें भाताविषयीं नवें कांहीं कळत नाहीं, आणि फार उशिरानें काढलेलें शीत खोटेंच सांगतें. परीक्षकानें आधीं वस्तूची गति ओळखावी, मग तपेल्यांत पळी घालावी.