बालाघाटच्या पाषाणातली उलटी दिशा

बीडच्या बालाघाटातला काळा पाषाण म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो निवत 580 अंश सेल्सिअसखाली आला, तेव्हा त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांनी तत्कालीन चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. दख्खनच्या कित्येक थरांत ही उत्तर-दक्षिण चक्क उलटी सापडते. म्हणजे ध्रुव उलटतात, यात शंका नाही; पण म्हणून प्रलय होतो का? डायनासोर त्याच उलट्या कालखंडात संपले, असं कुणी म्हणेल. मात्र ध्रुव त्याआधी सुमारे 3 लाख वर्षं उलटून बसले होते! अलीकडची पूर्ण अदलाबदल जेमतेम 7.8 लाख वर्षांपूर्वीची. माणसाच्या पूर्वजांनी तीही पचवली. क्षेत्र सध्या क्षीण होतंय हे खरं, पण अदलाबदलीला हजारो वर्षं लागतात. क्षीण क्षेत्रामुळे काळजी करायचीच तर उपग्रहांची आणि वीजवाहिन्यांची करावी. प्रलयाची आवई निव्वळ थाप आहे.