जिनमधून अल्कोहोल वजा केलं तर?

जपानहून परतलेल्या एका स्नेह्यांनी आम्हाला एक बाटली दिली. जपानी धाटणीची, पण अल्कोहोल नसलेली ‘जिन’. घटक होते ज्युनिपरची फळं, युझू नावाचं जपानी लिंबू आणि सांशो मिरी. आम्ही चमचाभर चाखून पाहिली. वास सुरेख, पण तोंडात घेतल्यावर वाटलं, हे तर पाणीच! मग हरवलं काय?

जिन म्हणजे ज्युनिपरच्या वासाचं मद्य. युरोपीय नियमानुसार तिच्यात किमान ३७.५ टक्के अल्कोहोल असावं लागतं. नशेखेरीज अल्कोहोल इथे आणखी दोन कामं करतं. पहिलं काम विद्रावकाचं. ज्युनिपरमधलं पायनीन आणि लिंबाच्या सालीतलं लिमोनीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, अल्कोहोलमध्ये मात्र सहज विरघळतात. दुसरं काम झोंबण्याचं. उष्णतेची जाणीव देणारा आपल्या शरीरातला एक ग्राही एरवी सुमारे ४२ अंश सेल्सिअसला जागा होतो. अल्कोहोलमुळे ही मर्यादा सुमारे ३४ अंशांवर उतरते, असं २००२ साली दिसून आलं. म्हणजे आपल्याच तोंडाची ऊब आपल्याला पोळते!

अल्कोहोल वगळल्यावर ही कामं कोणी करायची? वासासाठी वनस्पतींचं पाण्याच्या वाफेबरोबर ऊर्ध्वपातन करता येतं, आपल्या गुलाबजलासारखं. झोंबण्यासाठी सांशो आहे. तिच्यातल्या सांशूल या द्रव्यामुळे जिभेला मुंग्या येतात. सिचुआन मिरीतही तेच असतं. ही मिरी ओठांना लावून २०१३ साली लंडनमध्ये प्रयोग झाले, तेव्हा या मुंग्या सेकंदाला सुमारे ५० कंपनांइतक्या भरल्या. कोकण-गोव्याच्या वाचकांना ही गंमत नवी नाही. बांगड्याच्या कालवणातलं तिरफळ आणि सांशो एकाच प्रजातीतले, आणि दोन्ही लिंबाच्या कुळातले.

आता मिश्रणाकडे वळू. खऱ्या जिनमध्ये पाणी पडलं की अल्कोहोलचं प्रमाण घटतं, तेलांना विरघळून राहणं जड जातं आणि वास खुलतो. इथे तो राखीव साठाच नाही, त्यामुळे पातळ केलं की वास नुसता विरत जातो. म्हणून आम्ही एका भागाला तीनऐवजी दोनच भाग टॉनिक वॉटर घेतलं. त्यातल्या क्विनीनने कडवटपणा दिला, तर बुडबुड्यांनी फुटताना वास नाकापर्यंत पोचवला. बर्फ वितळून पेय पांचट होऊ नये म्हणून पेला आणि टॉनिक आधीच गार केले. शेवटी लिंबाची साल पेल्यावर पिळली. तिचं तेल पृष्ठभागावर तरंगतं, अगदी नाकाजवळ! या घोटात मात्र पाणी आठवलं नाही.

यातलं विज्ञान मुलांना दाखवायला ही बाटली वर्गात न्यायची गरज नाही. बशीतल्या पाण्यावर संत्र्याची ताजी साल दुमडून पिळा आणि तेलाचा तवंग मुलांना पाहू द्या. मग नाक चिमटीत धरून वेलचीचे दाणे चघळायला सांगा आणि थोड्या वेळाने नाक सोडायला सांगा. त्या क्षणी ‘चव’ कुठून आली? उत्तर आपण देऊ नये. मुलांनाच शोधू द्यावं.