मधमाशी धन्याचा दाणा पोचट करत नाही

"माशी फुलातला रस ओढून घेते, मग दाणा भरत नाही." जयपूरपासून कोट्यापर्यंत धने पिकवणाऱ्या पट्ट्यात हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं, की त्याला एकदा सविस्तर उत्तर द्यायलाच हवं. हा समज निरुपद्रवी असता तर सोडून दिला असता. पण त्यापायी मधपेट्या घेऊन आलेल्या मधपालांना बांधावरून हुसकावलं जातं आणि नुकसान दोघांचंही होतं.

आधी फुलाची रचना पाहू. धन्याचं फूल छत्रीसारख्या झुबक्यात येतं. प्रत्येक फुलात बीजांडकोश पाकळ्यांच्या खाली असतो आणि त्याच्या माथ्यावर एक फुगवटा. मकरंद स्रवतो तो या फुगवट्यावर. तो म्हणजे साखरेचं पाणी. फूल तो बाहेर टाकतं आणि माशी तो बाहेरूनच चाटते. खालच्या बीजांडकोशाला तिची सोंड टोचत नाही, झाडाचा अन्नरस तिला मिळत नाही. दाणा भरतो तो फलधारणेनंतर पुढचे काही आठवडे, पानांत तयार झालेल्या अन्नावर. तोवर त्या फुलाच्या पाकळ्या गळून गेलेल्या असतात आणि माशी दुसऱ्या फुलावर असते. जी तिथे नाहीच, ती दाण्यातलं काय नेणार?

उलट माशी आली नाही तर काय होतं ते बघा. धन्याच्या फुलात पुंकेसर आधी पिकतात आणि कुक्षी नंतर तयार होते. त्यामुळे फुलाला स्वतःचे पराग सहसा वेळेवर मिळत नाहीत. त्याच झाडावरच्या शेजारच्या फुलाचे चालतात, पण ते आणून देणारं कोणीतरी लागतं. शिवाय धन्याचा एक दाणा म्हणजे दोन अर्धुकं आणि प्रत्येकात एक बी. जेवणानंतर आपण धनाडाळ चघळतो ती याच अर्धुकांमधली. फलन अपुरं झालं की दाणे कमी धरतात, धरलेले वेडेवाकडे राहतात. पीक-परागीभवनावरचं एस. ई. मॅकग्रेगर यांचं १९७६ चं पुस्तक अमेरिकेच्या कृषी खात्याने काढलं. धन्याच्या भरघोस बियांसाठी कीटक उपयोगी पडतात, असं त्यातही आहे. ज्यांना पुस्तकावर भरवसा नाही त्यांनी फुलं उमलण्याआधी काही झुबक्यांवर मलमलीच्या पिशव्या बांधाव्यात, शेजारचे उघडे ठेवावेत आणि काढणीला दोन्हीकडचे दाणे मोजावेत. याला पैसा लागत नाही.

मग दाणा पोचट राहतो तो का? राजस्थानात याची कारणं ठरलेली आहेत. फुलोऱ्याच्या दिवसांत पडणारा पाळा (गोठलेलं दंव), मावा, भुरी आणि दाणा भरताना पाण्याचा ताण. यातला पाळा आणि मावा नेमके जानेवारी-फेब्रुवारीत येतात, आणि मधपेट्याही तेव्हाच येतात. पाळा रात्री पडून जातो आणि मावा झुबक्याच्या देठांना चिकटून गुपचूप रस शोषतो. दिवसाढवळ्या गुणगुणत फिरते ती माशी, म्हणून आळ तिच्यावर येतो. झाडाचा रस खरोखर शोषणारा कीटक मावा आहे.

आणखी एक गोष्ट. मधमाशी पोळ्यापासून सहज दोन-तीन किलोमीटर फिरते. तुम्ही पेट्या बांधावरून उठवल्या तरी शेजारच्या गावातल्या माश्या येणारच. आग्या आणि फुलोरी या रानटी मधमाश्या तर कोणाच्या पेटीतल्या नाहीत, त्या आधीपासून शेतात आहेतच. माशीने खरोखर दाणा खाल्ला असता, तर या भागात धने कधी पिकलेच नसते. प्रत्यक्षात कोटा, बारां, झालावाड हा हाडोतीचा पट्टा धन्यासाठी देशभर ओळखला जातो आणि रामगंज मंडीचा बाजार धन्यावरच उभा आहे. जयपूर जिल्ह्यातल्या जोबनेरच्या कृषी महाविद्यालयातून धन्याचे 'आरसीआर' मालिकेतले वाण निघाले. अजमेरजवळ तबीजी इथे बीजमसाल्यांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र २००० पासून आहे. शंका असेल त्याने तिथे जाऊन विचारावं.

मधपालाच्या बाजूनेही या पिकाचं मोल मोठं आहे. भरतपूर, अलवर, जयपूर भागातली मोहरी ओसरू लागली की वसाहतींना पुढचा चारा धना देतो, आणि त्यानंतर बडीशेप. हा क्रम तुटला तर ऐन वाढीच्या काळात वसाहती उपाशी पडतात.

बाकीचे समज थोडक्यात.

"इतक्या बारीक फुलात माशीला काय मिळणार?" भरपूर. मकरंद उघड्यावर असल्याने आखूड सोंडेच्या फुलोरीलाही तो मिळतो.

"परागीभवन वाऱ्याने होतं." वाऱ्यावर विसंबणारी पिकं मकरंद बनवत नाहीत. मका बघा.

"धन्याच्या मधाला कोथिंबिरीचा वास येतो." पानाचा वास पानातल्या तेलाचा. मधाला स्वतःचा हलका मसालेदार गंध असतो.

"मध गोठला म्हणजे साखर मिसळली." ग्लुकोज जास्त असलेला शुद्ध मधही गोठतो. मोहरीचा तर फार लवकर.

"माश्या रोग पसरवतात." धन्याच्या खोडावर गाठी आणणारा लोंगिया रोग मातीतून आणि बियाण्यातून येतो. बियाणं तपासा.

"फुलावर आलेली कोथिंबीर वाया गेली." कुंडीत राहू द्या. मधमाश्या येतील आणि ज्यांच्या अळ्या मावा खातात अशा माश्याही. हरभऱ्यात धने पेरले तर घाटेअळीवर जगणाऱ्या परजीवी गांधीलमाशीलाही तिथे खाणं मिळतं.

"फुलोऱ्यात फवारलं तर काय बिघडतं?" इथे मात्र संयम सुटतो. माव्यासाठी इमिडाक्लोप्रिडसारखं औषध भर दुपारी उमललेल्या झुबक्यांवर मारायचं आणि नंतर दाणे कमी धरले म्हणून माशीला दोष द्यायचा, हा उफराटा न्याय आहे. मावा फुलोऱ्याआधी दिसला तर तेव्हाच आवरा. फुलोऱ्यात फवारणी टळतच नसेल तर माश्या परतल्यावर संध्याकाळी करा, आणि मधपालाला आदल्या दिवशी सांगा म्हणजे तो पेट्या झाकेल किंवा हलवेल.

महाराष्ट्रात डाळिंबाचे आणि कांदा बीजोत्पादनाचे शेतकरी मधपेट्या भाडं देऊन आणतात. धन्याच्या पट्ट्यात मधपाल स्वतःहून, पदरचं भाडं खर्चून येतो. त्याला बांधावर जागा द्या, पाण्याची सोय दाखवा. येणाऱ्या हंगामात पिशवीचा प्रयोग स्वतः करा, आणि मोजलेले दाणे शेजाऱ्यालाही दाखवा.