‘ओटीबी’ म्हणजे दुसरा व्हिसा नव्हे

सोलापुरातून दुबईला किंवा मस्कतला कुणी निघालं की घरात विचारणा सुरू होते, “व्हिसा आला, पण ओटीबी झालं का?” ओटीबी म्हणजे ‘ओके टू बोर्ड’. हा सरकारी परवाना असतो, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ती विमान कंपनीची नोंद आहे. तुमचा ई-व्हिसा तपासून कंपनी पीएनआरवर, म्हणजे तुमच्या तिकिटाच्या आरक्षण नोंदीवर, तसा शेरा टाकते. तो सगळ्याच कंपन्या मागत नाहीत आणि सगळ्या देशांसाठीही लागत नाही. एजंट त्यासाठी पैसे मागत असेल, तर आधी थेट कंपनीकडे चौकशी करा.

“व्हिसा हातात आहे, वेब चेक-इनही झालंय, आता कोण अडवणार?” अडवू शकतात. कागदपत्रं अपुरी असलेला प्रवासी नेला तर बहुतेक देश कंपनीलाच दंड करतात. भारतातही २००० सालच्या कायद्यात अशा कंपनीला एक लाख रुपयांचा दंड होता. शिवाय प्रवाशाला परत आणण्याची जबाबदारीही कंपनीवरच येते. म्हणून काउंटरवरचा कर्मचारी तुमचं नागरिकत्व, पासपोर्टची मुदत आणि वाटेतला थांबा ‘टिमॅटिक’ या प्रणालीतल्या नियमांशी ताडून पाहतो. लंडनमध्ये नुसतं विमान बदलायचं असलं, तरी भारतीयांना अनेकदा ट्रान्झिट व्हिसा लागतो.

नावाचा घोळ तर हमखास होतो. जुन्या पासपोर्टांवर कधीकधी आडनावाचा रकाना रिकामा असतो आणि नावही एकाच शब्दाचं असतं. अशा पासपोर्टवर भेटीच्या व्हिसाने प्रवेश देणार नाही, असं संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं. शेवटच्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालेल, हा खुलासा नंतर आला. घरातल्या वडीलधाऱ्यांचा पासपोर्ट आजच उघडून बघा.

सगळ्यात महाग पडतो तो ‘ईसीआर’ म्हणजे ‘उत्प्रवासन तपासणी आवश्यक’ या शेऱ्याबद्दलचा गैरसमज. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा हा शेरा असतो. त्यांना आखातात जायला बंदी नाही. मात्र ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जायचं असेल, तर आधी सरकारची उत्प्रवासन मंजुरी घ्यावी लागते. फिरायला जाणाऱ्याला ती लागत नाही. नेमकी हीच फट काही एजंट वापरतात. “आत्ता व्हिजिटवर जा, तिथं नोकरी लावतो,” असं म्हणणाऱ्याच्या हाती पासपोर्ट देऊ नका. परवानाधारक भरती एजंटांची यादी सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर आहे. पैसे देण्याआधी त्यात त्याचं नाव शोधा.