कासवाचें घर आणि कासवाचें ताट



देवळाच्या सभामंडपांत पाऊल टाकतांच आपण प्रथम वांकतों तें दगडी कासवापुढें. हातपाय आणि मान आंत ओढून घेणाऱ्या या प्राण्याला आपल्या पूर्वजांनीं इंद्रियनिग्रहाचें प्रतीक मानलें; आणि कासवी आपल्या पिलांना केवळ दृष्टीनें पोसते, हा दृष्टांत संतांनीं घरोघर पोंचविला. दृष्टांत म्हणून तो गोड आहे. पण प्राणिशास्त्र निराळें सांगतें. कासवी मातींत खड्डा करून अंडीं घालते, खड्डा बुजवते आणि निघून जाते. पिलें जन्मतःच पोरकीं असतात आणि आपलीं आपण चरूं लागतात. तात्पर्य, नुसत्या प्रेमळ दृष्टीवर कासव जगत नाहीं. त्याला ऊन लागतें, पाला लागतो, पाणी लागतें. हें मला फार उशिरां कळलें, आणि त्याची किंमत एका मुक्या जिवाला द्यावी लागली.

१९७० सालीं मी अकरा वर्षांचा होतों. वाड्यावर आलेल्या एका फिरत्या विक्रेत्याकडून वडिलांनीं पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलें एक लहानसें कासव घेतलें. आम्हीं त्याला माजघरांत एका घंगाळांत ठेवलें. सकाळीं दूधभात, दुपारीं काकडी, कधीं दुधांत भिजवलेली पोळी, असा त्याचा थाट होता. शेजाऱ्यांनीं शंका काढली तर आई म्हणे, "जें लेंकराला पचतें तें त्याला कां पचूं नये?" तें खात होतें, म्हणून सर्व कांहीं ठीक आहे असें आम्हीं समजलों. दुसऱ्या पावसाळ्यांत मीं त्याला उचललें तेव्हां त्याची पाठ माझ्या बोटाखालीं दबली. दिवाळीपूर्वींच तें गेलें. आमच्या प्रेमांत कसूर नव्हती. कसूर होती ती ज्ञानांत.

येथें कायद्याची गोष्ट आधीं सांगितली पाहिजे. १९७२ सालीं आपल्या देशांत वन्यजीव संरक्षण कायदा झाला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर चांदणीचें कासव त्याच्या पहिल्या परिशिष्टांत आहे, आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर अत्यंत कडक निर्बंध असलेल्या यादींत तें २०१९ सालीं गेलें. तेव्हां तें विकत घेणें अथवा घरीं ठेवणें हा आज गुन्हा आहे. कोणाकडे असें कासव असेल तर त्यानें तें वन विभागाच्या स्वाधीन करावें. आपल्या मनानें एखाद्या टेकडीवर सोडून देऊं नये. परक्या जागीं तें तग धरीलच असें नाहीं, आणि त्याच्यापासून तेथील कासवांना रोग लागण्याचेंही भय असतें.

मग हें भाषण कोणासाठीं? आपलीं अनेक मराठी कुटुंबें परदेशीं स्थायिक झालीं आहेत. माझी मुलगी इंग्लंडांत राहते. तेथें पैदास केलेलें कासव सरकारी प्रमाणपत्रासह रीतसर घेतां येतें. माझ्या नातीचें कासव हर्मन जातीचें, म्हणजे मूळचें दक्षिण युरोपांतलें आहे. त्याची निगा पाहूनच आमच्या घंगाळांतील कासव कां मेलें, याचा उलगडा मला पन्नास वर्षांनीं झाला.

कासवाचें कवच ही अंगावर चढविलेली ढाल नव्हे. तो त्याच्या अस्थिपंजराचाच भाग आहे. पाठीचा कणा आणि बरगड्या त्यांत एकजीव झालेल्या असतात. वर नखासारख्या द्रव्याचे पातळ पापुद्रे आणि खालीं जिवंत हाड, अशी त्याची रचना आहे. म्हणून कवचाला भोंक पाडून दोरी बांधणें म्हणजे हाडाला भोंक पाडणें होय. हाड म्हटलें कीं कॅल्शियम आलें. तें अन्नांतून अंगीं लागण्यास ड जीवनसत्त्व हवें, आणि हें जीवनसत्त्व कासवाच्या कातडींत सूर्याच्या अतिनील किरणांनीं तयार होतें. हे उपयोगी किरण खिडकीच्या कांचेंतून जवळजवळ येतच नाहींत. कांचेआड उन्हांत बसलेल्या कासवाला ऊब मिळते, जीवनसत्त्व मिळत नाहीं. आमच्या माजघरांत तर ऊनही नव्हतें. दुधांत कॅल्शियम असतें हें खरें. पण सूर्य न पाहिलेल्या कासवाला तें हाडापर्यंत नेतां येत नाहीं, आणि त्याचें पोट दूध पचविण्यासाठीं नाहींच. पाठ मऊ पडली ती अशी.

आतां घराकडे वळूं. कासवाचें शरीर स्वतःची ऊब निर्माण करीत नाहीं; बाहेरच्या उष्णतेवर त्याचें पचनसुद्धां अवलंबून असतें. अंग गार राहिलें तर पोटांत अन्न असून तें उपाशी! म्हणून नातीनें घरांत वरून उघडी, लांबट लाकडी पेटी केली आहे. एका टोंकाला दिवा आहे. त्याखालीं उष्णता ३० ते ३५ अंश सेल्सिअस असते. दुसरें टोंक २० अंशांच्या आसपास असतें. कोठें बसावें हें कासव ठरवतें. हा दिवा अतिनील किरण देणारा असावा लागतो. रात्रीं तो मालवतात. तो जुना झाला कीं उजेड दिसत राहतो, पण किरण क्षीण होतात. म्हणून तयार करणाऱ्यानें सांगितलेल्या मुदतींत तो बदलावा.

उन्हाळ्यांत मात्र बागेसारखें घर नाहीं. कुंपण पारदर्शक नसावें, कारण पलीकडचें दिसलें कीं कासव दिवसभर त्याला धडका देत बसतें. फळ्या जमिनींतही खोल पुराव्या, कारण तें उकरतें. कोपरे वरून झांकावे, कारण तें चढतें. आंत सावली, कोरडा निवारा आणि सपाट दगड असावे. उताणें पडलेलें कासव भर उन्हांत फार वेळ राहिलें तर दगावतें, म्हणून येतांजातां नजर टाकावी.

ताटाविषयीं बोलतांना मला माझीच फजिती आठवते. मास्तरकीची संवय, बागेंत तण दिसलें कीं हात शिवशिवतात. मी उपटूं लागलों तोंच नात धांवत आली. "आजोबा, तें फेकूं नका, ती त्याची भाजी आहे!" आणि खरेंच, पिवळ्या फुलाचें डॅन्डेलियन, इसबगोलाच्या कुळांतलें प्लँटेन, आपल्या पाथरीच्या नात्यांतल्या रानभाज्या, तुतीचा पाला, जास्वंदीचीं पानेंफुलें, हाच या जातीच्या कासवाचा सकस आहार. त्यांत चोथा आणि कॅल्शियम भरपूर, प्रथिनें बेताचीं. पालक वरचेवर देऊं नये, कारण त्यांतील ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला बांधून ठेवतें. फळें या जातीच्या पोटांत आंबतात. भात, पोळी, दूध आणि मांस पूर्ण वर्ज्य. औषध फवारलेला पाला कधींही देऊं नये. पेटींत एक समुद्रफेस ठेवावा. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानांत मिळणारा हा पदार्थ म्हणजे माकुलाच्या पाठींतील कवच. कासव तें कुरतडतें, त्यानें कॅल्शियम मिळतें आणि चोंचही झिजते.

जात बदलली कीं ताटही बदलतें, हें मात्र विसरूं नये. सेंट हेलेना बेटावर १८८२ सालीं आणलेल्या जोनाथन नांवाच्या प्रचंड कासवाचा जन्म १८३२ च्या सुमाराचा मानतात. म्हातारपणीं दृष्टी गेल्यामुळें त्याला चारा नीट सांपडेना. चोंच बोथट आणि ठिसूळ झाली. तेथील पशुवैद्यानें आठवड्यांतून एकदां फळें व भाज्या हातानें भरविण्यास आरंभ केला, तेव्हां ती चोंच पुन्हां धारदार झाली. पोषण नीट झालें कीं इतक्या वयांतही शरीर सुधारतें, हा त्यांतला बोध.

पाणी हा आहाराचाच भाग आहे. उथळ थाळी सदैव भरलेली असावी. शिवाय पिलांना हनुवटीइतक्या कोमट पाण्यांत दहा-पंधरा मिनिटें बसवावें. पाणी कमी पडलें तर मूत्राशयांत खडे होतात. पिलांच्या पाठीवर उंचवटे येतात ते अति प्रथिनांमुळें, असें पूर्वीं समजत. पण आफ्रिकी कासवांवरील २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हवेंतील कोरडेपणाच अधिक दोषी ठरला.

हिवाळ्यांत हर्मन कासव झोंपतें. झोंपेपूर्वीं कांहीं आठवडे उपास घडवून पोट रिकामें करतात आणि मग ५ अंशांच्या आसपास ठेवतात. शून्याखालीं गेलें तर डोळे जातात; १० अंशांच्या वर गेलें तर जाग येऊन शक्ति व्यर्थ जाते. म्हणून मुलीनें एक जुनें शीतकपाटच त्याला देऊन टाकलें आहे! पण अशक्त वा आजारी कासवाला निजवूं नये. आणि आपलें चांदणीचें कासव मुळींच अशी झोंप घेत नाहीं.

नाक वाहणें, डोळे सुजणें, तोंड उघडून श्वास घेणें, अन्नावरची वासना जाणें, पाठ दबणें, हीं लक्षणें दिसतांच पशुवैद्याकडे जावें. दरमहा वजन करून वहींत लिहावें. कासवाला हात लावल्यावर साबणानें हात धुवावे, कारण त्याच्या अंगावर साल्मोनेला जंतु असूं शकतात.

शेवटीं एकच सांगतों. कुत्रा उपाशी राहिला तर ओरडतो, मांजर घर सोडतें. कासव कांहींच करीत नाहीं. आजची चूक तें महिनोन् महिने, कधीं वर्षानुवर्षें पाठीवर वाहतें, आणि आपल्या ध्यानांत येते तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून ज्याला कासव पाळावयाचें असेल त्यानें आधीं शिकावें, मग आणावें. नातीच्या वहींतील वजनाचे आंकडे पाहतांना मला तें घंगाळ आठवतें. अकरा वर्षांच्या त्या मुलाजवळ अशी एक वही असती तर!