जुनी ओळ: झाकावी की खोडावी?

प्रयोगशाळेत गेल्यावर प्रयोगवहीचा एक नियम पहिल्याच आठवड्यात कानावर पडतो. चुकलेले वाचन खोडरबराने पुसायचे नाही. त्यावर एकच सरळ रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी नवे वाचन लिहायचे. नियम योग्यच आहे. आज चुकीचे वाटलेले वाचन उद्या बरोबर ठरू शकते. ते पुसून टाकले, तर पडताळून पाहण्याची वाटच बंद होते.

संगणकाची आज्ञावली लिहू लागलेले विद्यार्थी हाच नियम तेथेही नेतात. आज्ञावली सुधारताना जुनी ओळ ते काढून टाकत नाहीत. तिला नुसती झाकून ठेवतात. 'न जाणो, पुन्हा लागली तर?' अनुभवी आज्ञावलीकार मात्र याच्या उलट सांगतात. ते म्हणतात, जुनी ओळ सरळ खोडून टाका. मग प्रयोगवहीत जे शहाणपणाचे, ते आज्ञावलीत चूक कसे? याचा उलगडा आज आपण करू.

ओळ झाकणे म्हणजे काय?

प्रत्येक संगणक-भाषेत शेरा लिहिण्याची सोय असते. शेरा माणसाने वाचायचा असतो. संगणक तो सोडून देतो. फोरट्रान या जुन्या भाषेत पहिल्या स्तंभात 'सी' हे अक्षर आले की ती ओळ शेरा समजली जाई. बेसिक भाषेत त्यासाठी 'रेम' हा शब्द होता. पायथॉन भाषेत हॅशची खूण (#) वापरतात. चालू ओळीच्या आधी ही खूण टाकली की ती ओळ शेरा बनते. म्हणजेच झाकली जाते. खूण काढली की ओळ पुन्हा जिवंत!

लंबकाचा प्रयोग घ्या. लंबकाची लांबी आणि आवर्तकाल मोजून गुरुत्वत्वरण काढणारी आज्ञावली तुम्ही लिहिली. प्रथम तुम्ही लांबी म्हणून फक्त दोऱ्याची लांबी घेतली. मग लक्षात आले की लांबी गोलकाच्या मध्यापर्यंत मोजायला हवी. त्रिज्याही मिळवली पाहिजे. तेव्हा तुम्ही असे केले:

लांबी = दोरा + त्रिज्या
#लांबी = दोरा

(पायथॉनच्या २००८ साली आलेल्या ३.० या आवृत्तीपासून चलांची नावे अशी देवनागरीत देता येतात. करून पाहा.)

आज्ञावली बरोबर चालते. मग बिघडले कोठे?

झाकलेल्या ओळीचे तीन दोष

पहिला दोष वाचणाऱ्याच्या गोंधळाचा. सहा महिन्यांनी तुमचा मित्र ही आज्ञावली उघडतो. खालची ओळ का झाकली आहे? ती चूक आहे, की तात्पुरती बंद ठेवली आहे, की दुसऱ्या एखाद्या लंबकासाठी राखून ठेवली आहे? ओळ याचे उत्तर देत नाही. प्रयोगवहीत खोडलेल्या आकड्याशेजारी आपण कारण लिहितो. येथे बहुधा कोणी लिहीत नाही.

दुसरा दोष असा की झाकलेली ओळ शिळी होते. समजा, पुढे तुम्ही 'दोरा' हे नाव बदलून 'दोऱ्याची_लांबी' केले. चालू ओळींत एखादे जुने नाव राहून गेले, तर संगणक ती ओळ चालवताना चूक दाखवील. पण शेरा तो वाचतच नाही, त्यामुळे झाकलेली ओळ जुनेच नाव धरून बसते. भोवतीची आज्ञावली पुढे जाते, ही ओळ मागे राहते. वर्षाने ती उघडली, तर चालेलच याची खात्री कोणी द्यावी?

तिसरा दोष सर्वांत घातक. झाकलेली ओळ चुकून उघडू शकते. आपल्या उदाहरणात हॅशची खूण निसटली, तर संगणक आधी बरोबर लांबी काढील आणि लगेच पुढच्या ओळीत तिच्या जागी चुकीची लांबी ठेवील. तो कोणतीही तक्रार करणार नाही, कारण व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही ओळी शुद्ध आहेत. दोरा १०० सेंटिमीटर आणि त्रिज्या १ सेंटिमीटर असेल, तर गुरुत्वत्वरण सुमारे १ टक्का कमी येईल. तुम्ही त्याचा दोष घड्याळाला द्याल!

निरुपयोगी आज्ञांच्या चार अवस्था

लंबकाच्या प्रयोगात फार तर एक गुण जाईल. पण आज्ञावली सगळीकडे इतक्या स्वस्तात सोडत नाही. एखाद्या आज्ञेचे काम संपल्यावर तिच्या चार अवस्था असू शकतात. एक, काम नसताना ती चालूच राहते. दोन, ती चालत नाही, पण कोणी बोलावले तर चालू शकते. तीन, ती झाकलेली असते. चार, ती खोडलेली असते. पहिल्या दोन अवस्थांची खरीखुरी उदाहरणे पाहू.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून 'एरियन ५' हा युरोपीय अग्निबाण प्रथमच उडाला. सुमारे ४० सेकंदांतच तो मार्गावरून ढळला आणि फुटला. त्याबरोबर 'क्लस्टर' योजनेचे चार उपग्रह नष्ट झाले. चौकशीत कारण सापडले, ते असे. अग्निबाणाची दिशा सांगणाऱ्या यंत्रणेत आधीच्या 'एरियन ४' मधील आज्ञावलीचा एक भाग तसाच ठेवला होता. हा भाग उड्डाणापूर्वी यंत्रणा जुळवून घेण्यासाठी होता. एरियन ४ च्या वेळी उलटगणती मध्येच थांबली, तर लवकर पुन्हा सुरू करता यावी म्हणून तो उड्डाणानंतरही सुमारे ४० सेकंद चालू ठेवत. एरियन ५ ला त्याची काहीच गरज नव्हती. पण जे नीट चालते त्याला कशाला हात लावा, असा विचार झाला.

एरियन ५ चा आडवा वेग मात्र पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक होता. त्याच्याशी निगडित एक संख्या १६ बिटांच्या चौकटीत बसवायची होती. चिन्हासह १६ बिटांत मोठ्यात मोठी संख्या ३२,७६७ मावते. संख्या त्याहून मोठी झाली, रूपांतर फसले आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेत तीच आज्ञावली असल्याने ती क्षणभर आधीच बंद पडली होती. ज्या गणिताची गरजच नव्हती, त्याने अग्निबाण घालवला.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातील. नाईट कॅपिटल ही शेअरांची खरेदी-विक्री संगणकाने करणारी कंपनी होती. तिच्या आज्ञावलीत 'पॉवर पेग' नावाचा एक भाग होता. २००३ साली त्याचा वापर थांबला, पण तो भाग काढला नाही. मोठी मागणी लहान लहान तुकड्यांत बाजाराकडे पाठवणे, हे त्याचे काम. मागणी पुरी झाली की 'आता थांब' असे सांगणारी मोजणी २००५ साली आज्ञावलीत दुसरीकडे हलवली गेली. त्यानंतर पॉवर पेग नीट चालतो का, हे कोणी तपासले नाही. वापरातच नसलेली वस्तू कोण तपासतो?

२०१२ साली कंपनीने नवा भाग लिहिला आणि तो सुरू करण्यासाठी पॉवर पेगचीच जुनी खूण पुन्हा वापरली. नवी आज्ञावली आठ संगणकांवर बसवायची होती. ती सातांवरच बसली. १ ऑगस्टला बाजार उघडला. सात संगणकांनी खुणेचा नवा अर्थ घेतला, आठव्याने जुना. तेथे पॉवर पेग नऊ वर्षांच्या झोपेतून उठला. मागण्या पाठवत सुटला, आणि त्याला थांबवणारी मोजणी तर आता त्याच्या वाटेवर नव्हतीच! दोष शोधताना कंपनीने त्या सात संगणकांवरील नवी आज्ञावली काढून टाकली. मग जुना भाग त्यांच्यावरही जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाख व्यवहार झाले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. पुढच्या वर्षी ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

पॉवर पेग नुसता झाकून ठेवला असता तरी तो चालला नसता, हे खरे. म्हणून तिसरी अवस्था दुसरीपेक्षा बरी. पण तिसरीतून पहिलीत यायला एक खूण पुसणे पुरते. चौथ्या अवस्थेतून कोणी चुकून परत येत नाही.

मग जुने जपायचे कोठे?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. प्रयोगवही ही नोंद आहे. ती घडलेले सांगते. खोडलेला आकडा वहीत उठून काही करू शकत नाही. आज्ञावली म्हणजे हुकूम. तिच्यात जे लिहिले, ते घडते. नोंद आणि हुकूम एकाच कागदावर ठेवणे हाच घोटाळा आहे. तेव्हा आज्ञावलीसाठीही वेगळी प्रयोगवही हवी.

अशी वही आहे, आणि ती जुनी आहे. १९७२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी आज्ञावलीच्या सर्व आवृत्त्या सांभाळणारी व्यवस्था तयार केली. १९८० च्या दशकात पर्ड्यू विद्यापीठातील वॉल्टर टिची यांनी तिची सुधारलेली जात काढली. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी 'गिट' लिहिली. आज जगभर तीच सर्वाधिक वापरली जाते.

इतक्या आवृत्त्या ठेवायला जागा किती लागेल, असे तुम्ही विचाराल. समजा, १,००० ओळींची आज्ञावली तुम्ही १०० वेळा सुधारली आणि दर वेळी दोन ओळी बदलल्या. दर वेळी पूर्ण प्रत ठेवली, तर लाखावर ओळी साठतील. टिची यांच्या व्यवस्थेत शेवटची आवृत्ती पूर्ण ठेवतात आणि मागे जाण्यासाठी फक्त फरक लिहून ठेवतात. म्हणजे १,००० अधिक २०० ओळी आणि त्या कोठे बसवायच्या याच्या थोड्या सूचना, एवढ्यावर भागते. गिटची रीत निराळी आहे, पण तीही साठा आवळून ठेवते. प्रत्येक बदलाबरोबर तारीख, करणाऱ्याचे नाव आणि कारण यांची नोंद होते. खोडलेली ओळ केव्हाही परत मिळते, तीही तेव्हाच्या भोवतालच्या ओळींसह. झाकलेली ओळ एकटी असते. ही आपल्या कुटुंबासह असते.

खोडण्याचेही पथ्य आहे

येथे एक सावधगिरी सांगायला हवी. ओळ निरुपयोगी आहे, हे आधी ठरले पाहिजे. २००६ साली 'डेबियन' या लिनक्स प्रणालीत एका गुप्तलेखन-आज्ञावलीतील दोन ओळी झाकल्या गेल्या, कारण दोष शोधणारे एक साधन त्यांच्याविषयी तक्रार करत होते. त्यांतील एक ओळ गुप्त किल्ल्यांसाठी लागणारा यदृच्छपणा गोळा करत होती. ती गेल्यावर एका जातीच्या किल्ल्या जेमतेम ३२,७६८ प्रकारच्याच बनू लागल्या. पाच आकडी कुलपालासुद्धा १ लाख जोड्या असतात! ही गोष्ट मे २००८ मध्ये जाहीर झाली आणि मधल्या काळातील किल्ल्या लोकांना बदलाव्या लागल्या. ओळ झाकली काय किंवा खोडली काय, परिणाम तोच झाला असता. झाकल्याने सुरक्षितता येते, हा नुसता भास आहे.

म्हणून क्रम असा ठेवा. ओळ काय करते ते समजून घ्या. दोष शोधताना ती तासभर झाकून पाहायला हरकत नाही. विद्युतमंडलातील एक तार सोडवून पाहतो, तसेच ते आहे. मात्र काम संपल्यावर निर्णय घ्या: उघडा किंवा खोडा. एका वेळी एकच गोष्ट खोडा आणि ज्याचे उत्तर ठाऊक आहे असे उदाहरण चालवून पाहा. जपायचे असेल तर जुनी ओळ जपू नका, कारण जपा. 'लांबी गोलकाच्या मध्यापर्यंत घेतली आहे. त्रिज्या सोडली तर उत्तर कमी येते' हा शेरा दहा झाकलेल्या ओळींपेक्षा उपयोगी आहे. शाळेच्या संगणकावर गिट नसेल, तर तारखेच्या नावाचा कप्पा करून त्यात पूर्ण प्रत ठेवा आणि कारण वहीत लिहा.

करून पाहा: वर्गातील दोन गटांना लंबकाची एकच आज्ञावली द्या. दोघांनीही तिच्यात पाच सुधारणा कराव्यात. एका गटाने जुन्या ओळी झाकाव्यात. दुसऱ्याने खोडाव्यात आणि वेगळी नोंद ठेवावी. महिन्याने आज्ञावल्यांची अदलाबदल करा आणि प्रत्येक गटाला सहावी सुधारणा सांगा. कोणाला किती मिनिटे लागली, ते घड्याळ लावून मोजा आणि आकडे प्रयोगवहीत शाईने लिहा.